पडलेल्या दाताच्या जागी काय बसवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. दात काढून घरी गेलेला पेशंट आठ-पंधरा दिवसांनी फोन करतो किंवा आरशासमोर तोंड उघडून काढलेला फोटो पाठवतो, आणि विचारतो ते बहुतेक वेळा तेच असतं. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. एकच दाढ गेलीये, हसताना दिसतही नाही. नाही बसवली तर काय बिघडतं?

बाजाराच्या दिवशी एसटीत उभी माणसं एकमेकांना टेकून असतात, दातांचंही तसंच असतं. मधला एक उतरला की बाजूचे त्या मोकळ्या जागेकडे कलतात. समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकायला कुणी उरत नाही, म्हणून ती हळूहळू बाहेर येऊ लागते.

माझ्या आईची खालची दाढ मी कॉलेजात असताना काढली होती. ‘एका दाढेने काय होतं’ असं तीही म्हणाली आणि मीही मान डोलावली. तेरा वर्षांनी पाहिलं तर वरची दाढ इतकी खाली आली होती, की खालच्या हिरडीवर तिचा ठसा उमटला होता. खाली दात बसवायला उंचीच उरली नव्हती. आधी वरच्या दाढेचं रूट कॅनाल करून ती घासून आखूड केली, तिला कॅप घातली आणि मगच खालचा दात बसवता आला. एका दाढेचं काम दोन दाढांवर गेलं, तेही डॉक्टरच्या घरात.

सगळ्यांचंच असं होतं असं नाही. गेलेली दाढ अगदी मागची असेल, तिच्या समोरचीही आधीच गेलेली असेल आणि पुढच्या दातांवर व्यवस्थित चावता येत असेल, तर काहीच न बसवणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. फक्त तो तपासून घेतलेला असावा. राहून गेलं म्हणून झालेला नसावा.

२. पर्याय किती आहेत?

आपल्याकडे लोक दोनच प्रकार मानतात, ‘फिक्स’ आणि ‘काढघाल’. प्रत्यक्षात एका दातासाठी चार वाटा आहेत.

काढघालीचा दात हिरडीवर बसतो आणि हूक किंवा पट्टीने शेजारच्या दातांना धरतो (प्रश्न ९). ब्रिजमध्ये दोन्ही शेजारचे दात घासून त्यांच्यावर कॅप घालतात आणि मधला खोटा दात त्या दोन कॅपांना जोडलेला असतो. म्हणजे एक दात गेला तरी तीन दातांचं काम. तिसरी वाट चिकटवलेल्या ब्रिजची. त्यात शेजारच्या दाताला जवळपास न घासता मागच्या बाजूने एक पातळ पंख चिकटवतात. पुढच्या दातांना तो छान चालतो, दाढेच्या दाबाला टिकत नाही. चौथी वाट इम्प्लांटची, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘स्क्रूचा दात’ (प्रश्न ५).

३. यातला सगळ्यात चांगला कोणता? एकच सांगा.

हा प्रश्न आला की मी पेशंटला आरसा देतो आणि रिकाम्या जागेकडे न बघता तिच्या दोन्ही बाजूंना बघायला सांगतो. पडलेल्या दाताचा निर्णय त्याचे शेजारी ठरवतात.

दोन्ही शेजारी ठणठणीत असतील, कीड नाही, सिमेंट भरलेलं नाही, तर त्यांना हात लावायला माझं मन धजत नाही. हाड पुरेसं असेल तर तिथे इम्प्लांट. पण शेजारच्या दोन्ही दाढांचं रूट कॅनाल आधीच झालेलं असेल, त्या फुटायला आल्या असतील, त्यांना तशीही कॅप लागणारच असेल, तर तिथे इम्प्लांटचा आग्रह धरणारा डॉक्टर तुमचा पैसा वाया घालवतोय. दोन कॅपा होणारच आहेत; मधला दात त्यांना जोडून टाकला की ब्रिज झाला. आणि शेजारी हलत असतील, हिरडीने त्यांना सोडलं असेल, तर ब्रिज म्हणजे पडक्या भिंतींवर तुळई टाकण्यासारखं. तिथे आधी हिरडीचे उपचार, तोवर काढघालीचा दात.

यानंतर पाहायचं हाड, मग तुमची तब्येत, मग खिसा. खिसा शेवटी म्हटला तरी तो खोटा नाही. प्रश्न ७ त्यासाठीच आहे. तुम्ही निगा किती राखणार हेही मी विचारतो. ज्याला रोज रात्री दात घासायचाच कंटाळा आहे, त्याच्या तोंडात महागातलं महाग काम केलं तरी ते फार दिवस पुरत नाही.

४. ब्रिजसाठी चांगले दात घासतात म्हणे. त्याने ते खराब होत नाहीत का?

घासतात, हे खरं. कॅप बसायला जागा लागते, म्हणून चारही बाजूंनी आणि वरून साधारण एक ते दोन मिलिमीटर दात कमी करावा लागतो. घासलेला दात परत भरून येत नाही. दहा वर्षांच्या काळात घासलेल्या दर दहा जिवंत दातांमधल्या साधारण एकाची नस मरते आणि रूट कॅनाल करावं लागतं.

प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका सव्वीस वर्षांच्या तरुणाचे दोन अगदी कोरे दात मी ब्रिजसाठी घासले होते. त्याला लग्नाआधी काम उरकायचं होतं आणि मलाही ब्रिजच नीट जमायचा. आठ वर्षांनी तो त्यातला एक दात धरून परत आला. त्याने तक्रार केली नाही; मला मात्र ते दोन दात अजून आठवतात.

म्हणून ब्रिज वाईट असं नव्हे. नीट केलेला, नीट साफ ठेवलेला ब्रिज पंधरा-वीस वर्षं चाललेलाही मी पाहतो. ब्रिज जातो तो बहुधा कॅपच्या कडेखाली लागलेल्या किडीने, म्हणून त्याची निगा (प्रश्न १९) वेगळी शिकून घ्यावी लागते.

५. इम्प्लांट म्हणजे नेमकं काय बसवतात? हाड त्याला धरतं कसं?

हाडात टायटॅनियमचा एक बारीक स्क्रू बसतो. लांबी बहुतेक वेळा आठ ते बारा मिलिमीटर, जाडी साधारण चार. तो दाताच्या मुळाचं काम करतो. त्यावर एक जोडतुकडा, ज्याला आम्ही अबटमेंट म्हणतो, आणि त्यावर कॅप.

हाड टायटॅनियमला परकं मानत नाही, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रेनमार्क यांना १९५२ मध्ये जवळजवळ अपघातानेच कळलं. सशाच्या हाडात रक्तप्रवाह पाहण्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेना. हाड त्याला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि त्या रुग्णाने ते चाळीस वर्षांहून जास्त काळ वापरले. आजही तत्त्व तेच आहे. दहा वर्षांनी पाहिलं तर शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. बाकीचे का जातात ते प्रश्न ११ आणि १२ मध्ये वाचा.

‘इम्प्लांट आयुष्यभर टिकतो’ असं मी कुणाला लिहून देत नाही. स्क्रू टिकला तरी वरची कॅप झिजते, तिचा कपचा उडतो. ती बदलता येते.

आणि दुखतं का? स्क्रू बसवताना नाही, जागा बधिर केलेली असते. ‘दाढ काढण्यापेक्षा सोपं गेलं’ असं बरेच जण म्हणतात. नंतर दोन-तीन दिवस सूज आणि ठणका राहतो, तो गोळीने आटोक्यात येतो. चौथ्या दिवशी दुखणं वाढत असेल किंवा खालचा ओठ बधिरच राहिला असेल, तर फोटो पाठवू नका, दवाखान्यात या.

६. किती दिवस लागतात? जाहिरातीत तर ‘तीन दिवसांत पक्के दात’ लिहिलेलं असतं.

काढघालीचा दात तीन-चार दिवसांत मिळतो. ब्रिजला दोन-तीन फेऱ्या, साधारण आठवडा ते दहा दिवस. मात्र दात नुकताच काढला असेल तर आधी जखम भरू द्यावी लागते. इम्प्लांटमध्ये स्क्रू बसवल्यावर हाडाने त्याला धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्यात चार ते सहा महिने लागतात, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं.

लवकर दात देण्याच्या पद्धती आहेत, आणि त्या सगळ्या फसव्या नाहीत. पुढचा दात असेल, स्क्रू हाडात घट्ट बसला असेल, तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावता येतो. तो दिसण्यापुरता असतो, त्यावर चाव पडू देत नाहीत. सगळेच दात गेलेल्या माणसाला अनेक स्क्रू एकत्र बांधून लवकर दात देतात, तो हिशेब निराळा. एका दाढेसाठी कुणी तीन दिवसांत भाकरी चावायची हमी देत असेल, तर त्याला विचारा: स्क्रू हलला तर पुढे काय, आणि ते कुणाच्या खर्चाने?

७. कितला पैसा लागतीन?

हा प्रश्न अहिराणीतच येतो, म्हणून तसाच ठेवला. गावागणिक आणि साहित्यागणिक आकडा बदलतो, पण तालुक्याच्या गावांमध्ये अंदाज असा धरा: एका दाताची साधी काढघाल एक ते तीन हजारांच्या घरात. धातूवर सिरॅमिक असलेली कॅप तीन ते सहा हजार, झिर्कोनियाची, म्हणजे आत धातू नसलेली पांढरी, त्याच्या दुप्पट किंवा जास्त. ब्रिजचा हिशेब कमीत कमी तीन कॅपांचा. इम्प्लांट सगळं धरून पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास हजारांच्या पुढे.

भाव विचारताना फसगत होते ती एका ठिकाणी. ‘इम्प्लांट पंधरा हजार’ असं फोनवर ऐकून लोक निघतात आणि ते फक्त स्क्रूचे पैसे असतात. अबटमेंट वेगळं, कॅप वेगळी, स्कॅन वेगळा, हाड भरावं लागलं तर तेही वेगळं. म्हणून ‘दात तोंडात बसून मी चावायला लागेपर्यंत एकूण किती’ असं विचारा आणि कागदावर घ्या. स्क्रू कोणत्या कंपनीचा आणि किती मापाचा, याचं स्टिकर किंवा कार्डही मागून घ्या. उद्या मुलाकडे पुण्याला किंवा सुरतेला गेलात आणि कॅप ढिली झाली, तर तिथल्या डॉक्टरला त्या कार्डाशिवाय नेमकी किल्ली शोधत बसावं लागतं.

साधारण आरोग्य विम्यात दातांचा खर्च मिळत नाही. अपघातात दात गेला आणि दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर बहुधा मिळतो. पैसे कमी असतील तर दंत महाविद्यालयांची वाट धरा. आपल्याला जवळचं म्हणजे धुळे, पुढे नाशिक, आणि छत्रपती संभाजीनगरचं सरकारी महाविद्यालय. फेऱ्या जास्त होतात, काम शिकणारी मुलं करतात, पण शिक्षक मागे उभे असतात आणि खर्च बराच कमी येतो.

८. आत्ता हात तंग आहे. कापूस विकल्यावर करू, चालेल का?

चार-सहा महिने थांबायला हरकत नाही. ‘पुढच्या कापसाला’ असं तीन वर्षं चाललं तर मात्र नुकसान आहे. दात काढल्यावर ते हाड बिनकामाचं होतं आणि शरीर ते काढून घ्यायला लागतं. पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांत होते. थांबायचंच असेल तर मधल्या काळात साधा काढघालीचा दात वापरा. त्याने हाड वाचत नाही, पण शेजारी कलत नाहीत आणि समोरची दाढ उतरत नाही. दात अजून काढायचाच असेल तर काढण्याआधीच पुढचं ठरवा. काही वेळा खड्ड्यात हाडाची भुकटी भरून ठेवली की पुढचं काम सोपं होतं.

९. काढघालीच्या दातात साधा, लवचिक आणि धातूचा असे तीन भाव सांगितले. फरक काय?

साधा म्हणजे गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा, तारेचे हूक असलेला. स्वस्त, दुरुस्त होतो, पुढे आणखी एक दात गेला तर त्यातच वाढवता येतो. जाड असतो, म्हणून पहिले आठ दिवस तोंडात कुणी दुसऱ्याची वस्तू ठेवल्यासारखं वाटतं. ‘स’ आणि ‘श’ अडखळतात.

लवचिक दात नायलॉनसारख्या मऊ पदार्थाचा. तारेचा हूक दिसत नाही, म्हणून लग्नसराईत त्याला मागणी फार. पण तो दाब हिरडीवरच टाकतो आणि तुटला तर सहसा जोडता येत नाही. तात्पुरता म्हणून ठीक. दहा वर्षांसाठी मी तो सुचवत नाही.

कोबाल्ट-क्रोमियम धातूचा सांगाडा असलेला दात पातळ आणि मजबूत असतो, आणि त्याचा थोडा भार शेजारच्या दातांवर टेकतो, त्यामुळे हिरडी दबत नाही. इम्प्लांट परवडत नाही आणि तीन-चार दात गेलेत, अशा माणसाला हा सगळ्यात प्रामाणिक पर्याय आहे. लोक नाव ऐकून नको म्हणतात, कारण ‘लोखंड दिसेल’ अशी भीती. मागच्या दाढांना ते दिसत नाही.

१०. बाजारात एक जण अर्ध्या तासात ‘पक्का दात’ बसवून देतो, पाचशे रुपयांत. काय वाईट आहे?

असा एक दात मी गेल्या उन्हाळ्यात काढला, त्याचं वर्णन करतो. समोरचा वरचा दात. झटपट घट्ट होणारं अ‍ॅक्रिलिक थेट हिरडीवर थापलेलं, दोन्ही शेजारच्या दातांभोवती बारीक तार पिळून त्यातच गाडलेली. बाहेरून दात पांढराशुभ्र. आत वर्षभराचं अन्न. तार कापून तो तुकडा उचलला तेव्हा सहायकाने खिडकी उघडली. हिरडी जांभळी, फुगलेली. आणि शेजारचे दोन दात, जे त्या बाईंना कधीच दुखले नव्हते, बोटाने हलत होते. एका दाताची जागा भरायला गेलेल्या बाई तीन दात गमावून बसल्या.

जो दात काढता येत नाही आणि ज्याच्याखाली साफही करता येत नाही, तो पक्का दात नव्हे. भारतात दंतवैद्यकाला कायदा लागू आहे; काम करणाऱ्याची राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणीचा क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. माझा भिंतीवर लावलेला आहे.

११. मला शुगर आहे. इम्प्लांट जमतो का?

शुगर आहे म्हणून नाही म्हणत नाही. शुगर मोकाट आहे म्हणून म्हणतो. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सातच्या आसपास असेल तर काम करतो. आठच्या वर असेल तर आधी फिजिशियनकडे पाठवतो, कारण जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. त्या दिवशी सकाळी उपाशी येऊ नका. नाश्ता करून, नेहमीची गोळी घेऊन या. हिरडीचा आजार आणि शुगर एकमेकांना चढवतात, म्हणून काढघालीचा दात घेतलात तरी हिरडीची साफसफाई टाळू नका.

१२. तंबाखू सोडावी लागेल का? दिवसातून दोन-तीनदाच खातो.

‘दोन-तीनदाच’ हे मी रोज ऐकतो, आणि पेशंटची बायको बाजूला बसून मान हलवत असते.

विडी-सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट फसण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आहे. निदान आधी दोन आठवडे आणि हाडाने स्क्रू धरेपर्यंत तरी बंद. तंबाखूची गोळी जिथे दाबून ठेवता, तिथलीच हिरडी उतरते. नेमक्या तिथे स्क्रू बसवायचा असेल तर माझा नकार.

सुपारी-गुटख्याचा त्रास निराळा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्या पंचविशीतल्या मुलांचं तोंड उघडत नाही. गालाची आतली कातडी पांढरट, चिवट होत जाते आणि जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर दाताचा प्रश्न दुसरा; पहिला प्रश्न त्या आजाराचा, कारण तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. शिवाय मागच्या दाढेपर्यंत हातातलं यंत्रच पोचत नसेल तर इम्प्लांट आणि ब्रिज दोन्ही अवघड. अशा तोंडाला काढघालीच्या दाताचं मापसुद्धा नीट घेता येत नाही.

१३. दुसऱ्या आजाराच्या गोळ्या चालू आहेत. सांगायच्या का?

सगळ्या सांगा, शक्यतो पिशवीच घेऊन या. तीन गोष्टी विशेष.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढायच्या किंवा स्क्रू बसवायच्या आधी मला कळलंच पाहिजे. क्वचित पण वाईट प्रकार होतो: जबड्याचं हाड भरून येत नाही, उघडं पडतं. बायका ही गोळी ‘कॅल्शियमची’ म्हणून सांगतात, म्हणून पाकीट बघायचा माझा हट्ट असतो.

तोंडाच्या किंवा गळ्याच्या कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल तर तिथेही हाडाला हात लावण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलणं आलं. आणि रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. दात काढण्यासाठी गोळी बंद केली आणि हृदयाला झटका आला, ही अदलाबदल कुणालाच परवडणारी नाही.

गरोदर असाल तर इम्प्लांटची घाई कशाला? बाळंतपण होऊ द्या. पण दुखणारा दात अंगावर काढू नका, त्याचे उपचार गरोदरपणात करता येतात.

१४. आजोबा बहात्तर वर्षांचे आहेत. आता या वयात कशाला?

वय अडवत नाही, तब्येत अडवू शकते. बहात्तरीतलं तब्येतीने धड माणूस पन्नाशीतल्या तंबाखूखाऊपेक्षा चांगला उमेदवार असतो. आजोबांना कळण्याची भाकरी चावून खायची असेल तर ‘आता कशाला’ हे नातवंडांनी ठरवू नये.

१५. मुलगा चौदा वर्षांचा आहे, समोरचा दात गेला. लगेच इम्प्लांट करून टाकू?

नको. जबडा अजून वाढतोय. आजूबाजूचे दात हाडासकट खाली येत राहतील, स्क्रू मात्र होता तिथेच राहील आणि चार वर्षांनी तो दात आखूड, आत गेलेला दिसेल. वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत, काढघालीचा किंवा चिकटवलेला दात (प्रश्न २). काही मुलांना समोरचा बाजूचा दात जन्मतःच येत नाही. तिथे आधी तारेने जागा मोकळी करायची की सुळाच पुढे ओढायचा, हे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं असतं. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली असेल, तर दात बसवायचा नसतो. तिथे जागा राखणारी छोटी पट्टी लावतात.

१६. आत्ताच क्रिकेटचा चेंडू लागून दात अख्खा बाहेर आलाय! काय करू?

वाचत बसू नका, पण एवढं करा. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, खरवडू नका. माती लागली असेल तर दूध किंवा स्वच्छ पाण्याची क्षणभर धार. कायमचा दात असेल आणि जमत असेल तर त्याच खड्ड्यात बसवून रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर थंड दुधात टाका आणि निघा. अर्ध्या तासात पोचलात तर फार बरं, तासानंतर आशा झपाट्याने कमी होते. खेड्यात बर्फ मिळणार नाही, दूध मात्र घरोघरी असतं. कागदात किंवा कापसात गुंडाळून सुका आणलेला दात पाहिला की वाईट वाटतं. दुधाचा दात असेल तर परत बसवत नाहीत. खाली वाढणाऱ्या दाताला इजा होते.

१७. दात काढून दहा वर्षं झाली. आता स्क्रू बसेल?

स्कॅन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. थ्री-डी स्कॅनमध्ये हाडाची उंची, रुंदी आणि खालच्या जबड्यातून जाणारी नस दिसते. त्या नसेपासून स्क्रू निदान दोन मिलिमीटर दूर ठेवायचा असतो. वर मागच्या बाजूला हाडावर नाकाच्या बाजूची हवेची पोकळी उतरलेली असते, मग ती उचलून खाली हाड भरावं लागतं. हे सगळं होतं, पण खर्च आणि सहा-आठ महिने वाढतात. इतकं करून एकच दाढ मिळणार असेल तर मी पेशंटला ब्रिजचाही विचार करायला सांगतो.

जाता जाता: ‘वरचा दात काढला की डोळा जातो’ असं सांगून कुणी तुम्हाला दहा वर्षं थांबवलं असेल, तर तसं काही नसतं. डोळ्याची नस वेगळी आहे. सडका दात तोंडात ठेवण्याचाच धोका जास्त.

१८. नवीन दाताने भाकरी, ऊस, शेंगा खाता येतील ना?

इम्प्लांट आणि ब्रिजने ज्वारी-बाजरीची भाकरी, शेवभाजी, मटण सगळं. ऊस दाताने सोलणं, सुपारी फोडणं आणि हाड चघळणं बंद. ते खऱ्या दातालाही चांगलं नसतं. काढघालीच्या दाताने दोन्ही बाजूंनी बारीक घास चावायला शिका.

काढघालवाल्यांचा खरा वैरी निघतो भरीत. मऊ म्हणून हिवाळ्यात ताटभर खातात आणि वांग्याची, मिरचीची बी दाताखाली जाऊन बसते. जेवण झालं की दात काढून चूळ भरा, हा त्यावरचा उपाय. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला आठवडा मात्र भरिताचं नाव काढू नका, त्यातली मिरची जखमेला झोंबते. खिचडी, वरणभात आणि केळी; केळीला आपल्याकडे तोटा नाही.

१९. निगा कशी ठेवायची?

ब्रिजच्या खोट्या दाताखाली ब्रश पोचत नाही. तिथून धागा ओवून घ्यायचा किंवा बाटली घासायच्या ब्रशसारखा दिसणारा बारीक ब्रश फिरवायचा, रोज रात्री. इम्प्लांटला कीड लागत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड सडू शकतं, आणि ते दुखत नसल्याने उशिरा कळतं. सहा महिन्यांनी दाखवत राहा.

काढघालीचा दात रात्री काढून पाण्यात ठेवा. पेस्टने घासू नका, ओरखडे पडतात. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. उकळतं पाणी कधीच नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवर झोपायला जाताना रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेला दात सकाळपर्यंत कोरडा होतो. तसा रोज सुकत राहिला तर त्याचा आकार बदलतो आणि मग तो टोचतो.

२०. दातात स्क्रू आहे, एमआरआय करता येईल का?

येईल. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही. जबड्याचाच एमआरआय असेल तर चित्रात तेवढा भाग धूसर येतो. काढघालीचा दात मात्र बाहेर काढून ठेवा.

२१. एका डॉक्टरने ब्रिज सांगितला, दुसऱ्याने इम्प्लांट. खरं कोण बोलतंय?

बहुतेक वेळा दोघंही. दोघांना एकच प्रश्न विचारा: ‘बाजूचे दात कसे आहेत, आणि तुमचं काम फसलं तर माझ्याकडे पुढचा पर्याय कोणता उरतो?’ दुसऱ्या भागाचं उत्तर जो शांतपणे देतो, त्याच्याकडे काम करा. एक्स-रे तुमचा आहे, तो मागून घ्या. दुसरं मत घेतलं म्हणून रागावणाऱ्याकडे तिसऱ्यांदा जाऊ नका.

२२. ब्रिज निघून हातात आला. घरी चिकटवू का? आणि चुकून गिळला तर?

बूट जोडायच्या गोंदाने चिकटवून आलेले पेशंट मी पाहिलेत. वाकडा बसतो, खालचा दात दुखावतो आणि माझं काम दुप्पट होतं. डबीत घालून दोन-तीन दिवसांत घेऊन या. खालचा दात चांगला असेल तर तोच ब्रिज परत बसतो. तोवर त्या बाजूने चावू नका आणि झोपताना तो तोंडात ठेवू नका.

गुळगुळीत एकटी कॅप पोटात गेली तर बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप बाहेर पडते. तारेचा हूक असलेला काढघालीचा दात किंवा लांब ब्रिज गेला तर थांबू नका, एक्स-रे काढावाच लागतो. आणि गिळल्यासारखं वाटल्यावर खोकला सुटला, शिट्टीसारखा आवाज आला, दम लागला, तर तो दात पोटात नाही, श्वासनळीत गेलाय. तेव्हा माझ्याकडे नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात.